गिबोनकर पाहुणे

हळदीच्या दिवशी रंगरावांच्या मळ्यात सगळ्यांत जास्त काम गिरजाबाईंना होतं, कारण त्यांना लाडूही वळायचे होते आणि रडायचंही होतं. दोन्ही कामं त्या मन लावून करत होत्या. धाकटी लेक रुख्मिणी लग्न होऊन बऱ्हाणपूरला जाणार, म्हणजे जवळजवळ जगाबाहेरच जाणार, अशी त्यांची समजूत होती. मंगरूळपीर सोडून त्या आयुष्यात एकदाच बाहेर पडल्या होत्या, वाशिमला, मिशनच्या मड्डमला डोळे दाखवायला. तेवढ्यानंच त्यांची हौस फिटली होती.

"लोनचं घेतलं, पापड घेतले, कुरड्या घेतल्या," डोळे पुसत त्या टोपलीत एकेक वस्तू रचत होत्या. "वाटंत नदी लागते म्हनतेत. तापी. पोट्टीले पोहता येते का?"

"आई, नदीवर पूल हाय. आगगाडी जाते वरून," रुख्मिणी म्हणाली.

"पुलावरून? मंग तं अजून वाईट."

रुख्मिणीनं मान खाली घातली. बघणाऱ्याला वाटावं, नवरी लाजली. खरं तर तिला आईकडं बघवत नव्हतं. कारण ती बऱ्हाणपूरला जाणारच नव्हती. ती जाणार होती धनजला. धनज म्हणजे कारंज्याच्या जरा पुढं. सकाळी बैलगाडी जुंपली तर दिवेलागणीला पोचावं, आणि पोहायची कुठंच गरज नाही.

पण त्या गावाचं नाव या घरात कुणी घेत नसे. त्याला कारण चांद्या. फार वर्षांपूर्वी रंगरावांनी बाजारातून एका दलालामार्फत हा धनजचा बैल घेतला, तो मोटेवर चालवायला. मोटेच्या बैलाचं काम सरळ असतं. उतरत्या धावेवरून मोट ओढत खाली जायचं, मोट रिकामी झाली की उलट्या पावलांनी पुन्हा वर यायचं. चांद्या खाली मोठ्या डौलात गेला आणि तिथंच उभा राहिला. रंगरावांनी कासरा ओढून पाहिला, गूळ देऊन पाहिला, हात जोडून पाहिले. चांद्या एक पाऊल मागं येईना. त्याच रविवारी रंगरावांनी उपासनेनंतर सगळ्या मंडळीसमोर उभं राहून जाहीर केलं, "धनजचा बैल नको, धनजचं बी नको, धनजचं मानूस नको. अख्खं गाव दगाबाज हाय." बैल मात्र त्यांनी विकला नाही. दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा तर आपणही दगाबाजच झालो, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून चांद्या गोठ्यात नुसता बसून खात होता आणि जावयासारखा सुटला होता.

अशा घरातल्या मुलीला वाशिमच्या ख्रिस्ती मेळाव्यात नेमका धनजचा हिरालाल आवडावा, याला काय म्हणायचं! रुख्मिणीनं पुष्कळ विचार केला आणि मग तिला मिशनच्या शाळेत वाचलेलं शास्त्रातलं एक प्रकरण आठवलं. धनजकरांनी बऱ्हाणपूरचे म्हणून यायचं, ही युक्ती तिचीच. हिरालालनं ती बापाला सांगितली, आणि एकुलत्या एका मुलाच्या हट्टापुढं गुलाबराव नमले.

आता ही युक्ती चालण्यासारखी होती ती रंगरावांच्या घरच्या एका नियमामुळं. रंगरावांच्या बापानं छप्पनच्या दुष्काळात मिशनची वाट धरली, पण अक्षरओळख बापालाही नव्हती आणि लेकालाही नाही. बहीण तुळसाबाई विधवा होऊन माहेरी आल्या, मिशनच्या बाईंकडं वाचायला शिकल्या, आणि मग कुठं या घरात पवित्र शास्त्राचं पहिलं पान उघडलं. रोज संध्याकाळी एक अध्याय, उत्पत्तीपासून ओळीनं. पुढचं कुणी वाचायचं नाही. "पुढचं वाचनं म्हंजे देवाच्या आधी जेवाले बसनं," असं रंगराव म्हणत. त्यामुळं जे अजून वाचून झालं नव्हतं ते या घरापुरतं अजून घडलंच नव्हतं.

नियमात एकच फट होती. तुळसाबाई संध्याकाळचा अध्याय दुपारी एकदा घोकून ठेवत, अडखळू नये म्हणून. एका दुपारी त्या यहोशवाच्या नवव्या अध्यायावर आल्या, वाचत गेल्या, आणि चष्मा काढून थेट भाचीकडं गेल्या.

"रुख्मिणे, तुह्या सासऱ्यानं पहिल्या दिवशी फाटके जोडे काहून घातले होते वं?"

रुख्मिणी आधी रडली, मग सगळं बोलली. तुळसाबाईंनी डोक्याला हात लावला. पण पोरीवर त्यांचा जीव. त्या संध्याकाळी त्यांनी शास्त्र उघडलं आणि नववा अध्याय वाचण्याऐवजी आपल्या मनानंच एक अध्याय रचून म्हटला. दुसऱ्या दिवशी दुसरा. तिसऱ्या दिवशी तर त्यांना गोडीच लागली. लग्न होईस्तोवर दिवस ढकलायचे होते.

"यहोशवाचं पुस्तक गंज मोठं हाय," रंगराव एकदा म्हणाले.

"हाव. देश जिंकाचा होता न त्याले," तुळसाबाई म्हणाल्या.

इतकं खोटं त्या बोलल्या, पण एक गोष्ट त्यांच्यानं झाली नाही. खुणेसाठी पुस्तकात कोंबड्याचं एक तांबडं पीस असे. ते त्यांनी आठवा अध्याय संपला होता तिथून हलवलं नाही. भावाला फसवणं वेगळं आणि पुस्तकाला फसवणं वेगळं, असं त्यांना वाटत होतं.

*

मांडवात सतरंजीवर गुलाबराव बसले होते आणि पाय दाबत होते. अंगावरच्या सगळ्या गोष्टी त्यांच्या होत्या, जोडे तेवढे रंगरावांचे. दोन बोटं लहान.

गुलाबराव हौशी माणूस. कारंज्याच्या बाजारात त्यांचा फेटा लांबून ओळखू येई. त्या माणसाला पहिल्या भेटीला ठिगळांचे जोडे आणि विटकी बंडी घालून यावं लागलं होतं, सोबत पेटीत ठेवून ठेवून हिरवी झालेली ज्वारीची भाकर. "बऱ्हाणपूरहून निघालो तवा चुलीवरून उतरवली होती," असं ती दाखवून म्हणायचं ठरलं होतं. गुलाबरावांनी ते म्हटलं. शिवाय परमुलखातले वाटावं म्हणून मधूनमधून हिंदी बोलले. ती हिंदी ऐकून खऱ्या बऱ्हाणपूरकराला घाम फुटला असता. रंगरावांच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. रिबेका लग्न होऊन अशीच दूर देशी गेली होती, हे त्यांनी उत्पत्तीत ऐकलं होतं. त्यांनी त्या बुरशीच्या भाकरीतली अर्धी स्वतः खाल्ली, पाहुण्यांचे हाल वाटून घ्यायचे म्हणून. मग पायातले नवे जोडे काढून गुलाबरावांना दिले आणि शास्त्रावर हात ठेवून शपथ घेतली, "माही पोरगी तुमची. देव साक्ष." त्या भाकरीपायी पुढं किती तरी दिवस ते तांब्या घेऊन मळ्याच्या कोपऱ्याला जात होते, पण पाहुण्यांविषयी वाकडा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही.

ते आठवलं की गुलाबरावांना जोडे आणखीच चावत.

"बाबूजी, सांगून टाकू का?" हिरालाल हळूच म्हणाला. "त्या माय तिकडं टोपली भरून राह्यल्या. तापीत पडलो तं काय कराचं म्हून त्याईनं मले दोर देला."

"गप ऱ्हाय. उद्याच्याले लगीन लागू दे. मंग सावकाश सांगू."

"मंग कवा?"

"नातू झाल्यावर," गुलाबराव म्हणाले आणि एकदम दचकले. मानेवर गरम श्वास आला होता. गोठ्याचा दोर ताणून चांद्या मांडवाच्या कडेपर्यंत आला होता आणि त्यांचा फेटा चाटत होता. पहिल्या दिवशीही त्यानं हेच केलं होतं. कारण चांद्या गुलाबरावांच्याच गोठ्यातला. त्यांच्याच एका वाईट वर्षी दलालाच्या हाती गेलेला. बैलानं मालकाला ओळखलं होतं आणि मालकाला बैलाला ओळखायची सोय नव्हती.

"हा बैल तुमच्यावर लैच खूश हाय, इवाईबुवा," रंगराव समोरून येत म्हणाले. "हरामखोर मले कदी चाटत नाही."

"हमको सब जनावर चाटता है," गुलाबराव म्हणाले.

रंगरावांबरोबर नवे पाळक लालसिंग होते. मंगरूळपीरला त्यांची बदली होऊन थोडेच दिवस झाले होते. तरुण, आवाज खणखणीत, आणि आपल्याला एखादी गोष्ट माहीत नाही हे कुणाला कळू नये याची फार काळजी घेणारे.

"पाळकसायेब, एक इचारतो," रंगराव बसता बसता म्हणाले. "शबूएल राजाचा अध्याय तुमी वाचलाच असन? बारा बैलाईचा राजा?"

स्वयंपाकघराच्या दारात तुळसाबाईंच्या हातातली पळी थांबली.

"शबूएल..." पाळकांनी क्षणभर आढ्याकडं पाहिलं. "हो, हो. वाचला ना. फार गहन उतारा आहे."

"बाराव्या बैलाचा पाय लंगडा. बाकीचे राजे हासले. पन राजा म्हने, माह्या गोठ्यात आला तो माहा. अन् थंडीत आपली घोंगडी टाकली त्याच्यावर." सांगताना रंगरावांचा आवाज भरून आला. "बजारात फूलचंदशेठले सांगितलं मी. शेठनं दुकान सोडून आयकलं. जैन मानूस, पन म्हने, रंगराव, असा राजा पाह्यजे."

"अगदी खरं," पाळक म्हणाले. "त्यावर माझा एक उपदेशसुद्धा आहे."

तुळसाबाईंनी पळी खाली ठेवली. आपण रचलेल्या राजावर पाळकांचा उपदेशही तयार आहे, हे ऐकून त्यांना एकीकडून भीती वाटली आणि दुसरीकडून, खोटं कशाला सांगा, जरा बरंही वाटलं.

*

ऊन उतरलं, हळद लागली, आणि वाचनाची वेळ झाली. आज वाचनच टाळायचं असं तुळसाबाईंनी ठरवलं होतं. एवढ्या मांडवासमोर, पाळकांसमोर रचून म्हणायची त्यांची छाती नव्हती. गळ्याला फडकं गुंडाळून त्या पुढं आल्या आणि कुजबुजल्या, "दादा, माहा घसा बसला. आज राहू दे."

"राहू कसं दे? पाळकसायेब हायेत न!" रंगरावांनी आनंदानं पुस्तक उचललं आणि पाळकांच्या मांडीवर ठेवलं. "पीस ठेवलं हाय तिथून वाचा."

तुळसाबाईंचा घसा आता खरंच बसला.

पाळकांनी पीस काढलं. "यहोशवा, अध्याय नववा." त्यांनी खाकरून घेतलं आणि नाटकातल्यासारखा आवाज लावला. रुख्मिणी हळदीनं पिवळी होतीच, ती पांढरी झाली.

गिबोन नावाचं एक गाव होतं. यहोशवा आपल्यावर चालून येणार या भयानं तिथल्या लोकांनी एक युक्ती केली. त्यांनी गाढवांवर जुन्या गोण्या लादल्या, फाटून शिवलेले द्राक्षारसाचे बुधले घेतले.

"गरीब असतीन बिचारे," गिरजाबाई म्हणाल्या.

"...आणि पायांत ठिगळांचे जोडे घातले," पाळक वाचत होते, "आणि त्यांच्या शिदोरीची भाकर वाळून बुरसलेली होती."

"आयका इवाईबुवा!" रंगरावांनी गुलाबरावांच्या मांडीवर जोरात थाप मारली. "हुबेहूब तुमीच! शास्त्रात तुमच्यासारखे लोक हायेत!"

"हां जी," गुलाबराव म्हणाले. त्यांचे पाय आपोआप धोतराखाली गेले.

"ते यहोशवाला म्हणाले, आम्ही फार दूर देशाहून आलो आहो. ही भाकर निघालो तेव्हा ऊन ऊन घेतली होती, आता पाहा कशी झाली आहे!"

"अगदी हेच म्हनाले होते तुमी!" रंगराव हरखून म्हणाले. "चुलीवरून उतरवली तवा!"

हिरालालनं डोळे मिटले. पाळक रंगात आले होते. यहोशवानं त्यांची शिदोरी चाखली, देवाला काही विचारलं नाही, आणि शपथ घेऊन त्यांच्याशी करार केला. "आणि मग थोड्याच दिवसांनी कळलं, की ते दूरचे नसून शेजारचेच होते!"

"हट्, लबाड लेकाचे," रंगराव म्हणाले.

मग हाताची बोटं एकेक करून दुमडत ते काहीतरी जुळवू लागले.

"पाळकसायेब," ते शेवटी म्हणाले, "ते जोड्याचं पुन्हा वाचा."

पाळकांनी पुन्हा वाचलं.

"आता भाकरीचं वाचा."

पाळकांनी भाकरीचंही वाचलं. काय चाललं आहे हे त्या मांडवात फक्त त्यांना आणि गिरजाबाईंना कळत नव्हतं. रंगरावांनी हळूहळू मान वळवून गुलाबरावांकडं पाहिलं. गुलाबरावांच्या कपाळावरून घाम निथळत होता आणि त्यांना एकही हिंदी शब्द आठवत नव्हता.

उठला तो हिरालाल. त्याला कुणी उठायला सांगितलं नव्हतं. समोर गिरजाबाई टोपलीवर फडकं बांधत बसल्या होत्या, वाटेत पोरीला भूक लागेल म्हणून. त्याला ते सहन झालं नाही, इतकंच.

"मामाजी," तो म्हणाला, "आमी बऱ्हाणपूरचे नाहीत. आमी धनजचे हाओत."

"कुठचे?"

"धनजचे."

ते नाव या मांडवात दोनदा उच्चारलं गेलं आणि आकाश कोसळलं नाही, याचं रुख्मिणीला नवल वाटलं. पण कोसळायला फार वेळ लागला नाही. रंगराव उभे राहिले.

"मांडव सोडा!" ते ओरडले. "केळीचे खांब काढा! धनजच्या लोकाईनं मले बैल देला फसवून, अन् आता पोट्टी घेऊन चालले फसवून! माहे जोडे काढा पहिले!"

गुलाबरावांनी जोडे काढले. त्यांना मनातून फार बरं वाटलं.

"बाबा," रुख्मिणी पुढं आली, "युक्ती माही होती. ह्याईची नाही. तुमी धनजचं नाव आयकून घेत नव्हते म्हून..."

"तू मधात बोलू नको!"

"थांबा जरा," गिरजाबाई म्हणाल्या. त्या हळू बोलल्या, पण सगळे थांबले. "धनज म्हंजे कुठीसं आलं?"

"कारंज्याच्या पुढं, मामीजी," हिरालाल म्हणाला.

"किती वाट हाय?"

"सकाळी निघालं तं सांजी पोचते मानूस."

"मधात नदी?"

"नाले हायेत. कोरडे."

गिरजाबाईंनी टोपलीकडं पाहिलं. लेकीकडं पाहिलं. मग त्या नवऱ्याकडं वळल्या, आणि इतकी वर्षं संसार करून रंगरावांनी तो चेहरा कधी पाहिला नव्हता.

"म्हंजे तुमचा बैल मागं येत नाही म्हून माही पोट्टी तापीपार चालली होती? महिनाभर मी डोळे फोडून राह्यली, अन् गाव हाय ते गाडीच्या वाटंवर? मांडवाले हात लावून पाहा तुमी!"

कुणी हात लावला नाही. रंगरावांनी सगळ्यांकडं आळीपाळीनं पाहिलं. बायको पाहुण्यांच्या बाजूनं झाली होती, लेक तर आधीच. एक बहीण तेवढी उरली.

"तुळसा, तू सांग. शास्त्रात असल्या दगाबाजाईचं काय केलं?"

"यहोशवानं शपथ मोडली नाही, दादा," तुळसाबाई म्हणाल्या. घसा लगेच बरा झाला होता. "शेवटी लिहिलं हाय तसं."

"तुले कसं मालूम शेवटी काय हाय? आपलं तं आताच..." रंगराव थांबले. पाळकांच्या मांडीवरच्या पुस्तकाकडं, त्या पिसाकडं त्यांचं लक्ष गेलं. "शबूएल राजाच्या मांगं हे आलं कसं? तो तं वाचून झाला न?"

तुळसाबाईंनी गळ्याचं फडकं सोडलं.

"पीस तिथंच होतं, दादा. त्याच्यापुढचं मी मनानं म्हनत होती."

"सगळं?"

"सगळं."

"अन् शबूएल राजा?"

"मीच."

"बारा बैल?"

"गोठ्याकडं पाहून पाहून सुचले."

"लंगड्या बैलावर घोंगडी टाकली..." रंगरावांचा आवाज एकदम बारीक झाला. "ते तं खरं असन?"

तुळसाबाईंनी मान हलवली. रंगराव मटकन खाली बसले. धनजचं नाव ऐकून त्यांना राग आला होता, पण हे ऐकून त्यांना खरोखर दुःख झालं. सगळ्या शास्त्रात तो एकच राजा असा होता ज्याचं त्यांना अगदी पटत होतं.

"पन पाळकसायेब," ते आशेनं वळले, "तुमी तं वाचला होता न तो?"

पाळक लालसिंगांचे कान लाल झाले. "मला... म्हणजे... मला वाटलं, असेल कुठंतरी. शास्त्र मोठं आहे."

"त्यावर तुमचा उपदेश हाय."

"तो मी... करणार होतो."

रंगरावांनी मांडवभर नजर फिरवली. "म्हंजे आज या मांडवात खरं बोलनारा कोनीच नाही का?"

कडेला चांद्या हंबरला.

"वाचा पुढं," रंगराव शेवटी म्हणाले. "यहोशवानं त्याईचं काय केलं?"

पाळकांनी या वेळी अगदी साध्या आवाजात वाचलं. यहोशवानं शपथ पाळली, त्यांच्या केसालाही धक्का लावला नाही. मात्र कपटाचं फळ म्हणून त्यांना कायमचं लाकडं तोडायला आणि पाणी भरायला लावलं.

रंगरावांनी डोळे पुसले आणि ते ताठ बसले.

"ठीक हाय. मीही शपथ मोडत नाही. लगीन होईन. पन यहोशवानं केलं तेच मी करीन. इवाईबुवा, उद्या दिस निघाल्यावर तुमी मोटंवर. वांग्याले पानी, मिरचीले पानी, वऱ्हाडाले पानी. अन् जवाई लाकडं फोडीन."

"अन् मले?" रुख्मिणीनं विचारलं.

"तू धनजले जाऊन राह्यली. त्याच्याहून मोठी शिक्षा मले येत नाही." मग ते बहिणीकडं न पाहता म्हणाले, "अन् तुळसा, तू आता वाचू नको."

गिरजाबाई टोपलीवरचं फडकं सोडून कुरड्या परत डब्यात भरत होत्या आणि गुणगुणत होत्या. तुळसाबाईंनी मात्र मुकाट्यानं पीस पुस्तकात ठेवलं आणि त्या आत गेल्या. भावानं मारलं असतं तरी त्यांना इतकं लागलं नसतं. वाचन हीच त्यांची या घरातली जागा होती.

*

सकाळी सगळं वऱ्हाड विहिरीवर लोटलं. नवरदेवाच्या बापाला मोट हाकताना पाहायची संधी रोज येत नाही. गुलाबराव लग्नाचा फेटा बांधून आले. शिक्षा असली म्हणून काय झालं, चार लोक बघणार होते.

रंगरावांनी रात्रभर विचार करून एक गोष्ट ठरवली होती. एक बैल नेहमीचा, आणि दुसरा त्यांनी स्वतः गोठ्यातून सोडून आणला.

"तुमच्या गावचा हाय," ते म्हणाले. "घ्या. मागं आनून दाखवा."

लोक हसायला तयारच होते. मोट विहिरीत बुडाली, भरली. गुलाबरावांनी हाक घातली, जोडी धावेवरून खाली निघाली, चांद्या तर सगळ्यांत डौलदार. मोट वर आली, पाणी धो धो पाटात पडलं. आणि चांद्या नेहमीसारखा उभा राहिला. रंगरावांनी हाताची घडी घातली. इतक्या वर्षांचा त्यांचा मुद्दा आज साऱ्या गावासमोर सिद्ध होत होता.

गुलाबरावांनी कासऱ्याला हातही लावला नाही. ते धावेच्या वरच्या टोकाला येऊन बसले, डोळे मिटले, आणि घरी रोज करत तसं गाऊ लागले. आवाज फाटका, चाल वाकडी, शब्द उपासनेतलेच पण मोटेच्या लयीत ओढून ताणून बसवलेले. चांद्याचे कान उभे राहिले. त्यानं एक पाऊल मागं टाकलं. मग दुसरं. गाणं चालू होतं आणि तो लठ्ठ बैल एकेक पाऊल उलटं टाकत, मधल्या सगळ्या वर्षांत काही झालंच नाही अशा थाटात, वर येत होता. वर पोचल्यावर त्यानं मालकाच्या फेट्याचा शेमला तोंडात धरला.

हसायला आलेले लोक हसायचे विसरले.

रंगराव जवळ गेले. "याले... गानं पाह्यजे होतं?"

"आमच्या इकडं गाऊनच मागं घेतेत," गुलाबराव म्हणाले. आता ते हिंदी बोलत नव्हते. "आमचाच बैल हाय हा, रंगराव. वासरू होता तवापासून मीच शिकवला. दलालानं सांगितलं नाही का तुमाले?"

"नाही."

"मंग कोनाले इचारलं काहून नाही? धनजचं लहान पोरगंही सांगतं."

धनजच्या माणसाला मळ्यात पाऊल ठेवायची बंदी रंगरावांनीच केली होती. कुणी सांगणार कसं? त्यांनी चांद्याच्या पाठीवर हात ठेवला. बैलानं त्यांना फसवलं नव्हतं. गावानंही नव्हतं. दलालाचा एक मूर्खपणा, आणि त्यावर इतक्या वर्षांचा त्यांचा स्वतःचा. त्यांना फार लाज वाटली, आणि त्यातच हसूही येऊ लागलं.

"सोडा आता मोट," ते म्हणाले. "लग्नाची वेळ झाली."

"शिक्षा?"

"घ्या माहे जोडे. तीच शिक्षा."

वऱ्हाड मांडवाकडं वळलं. लाकडाच्या ढलप्या झटकत हिरालाल धावला. तुळसाबाई मागं एकट्या पाटाजवळ उभ्या होत्या. रंगराव त्यांच्यापाशी येऊन थांबले, पण बोलताना त्यांनी पाण्याकडंच पाहिलं.

"तुळसा, आज सांजी वाचजो."

तुळसाबाईंनी चटकन वर पाहिलं. "नवव्याच्या पुढं?"

"नाही. तो शबूएल राजाचा."

"दादा, तो पुस्तकात नाही न."

"मंग पुस्तक मिटून ठेव अन् वाच," रंगराव म्हणाले. थोडं चालून गेल्यावर ते पुन्हा वळले. "अन् या वख्ती राजाले गाता येऊ दे."